छप्पन्न उंदीर आणि दोन प्रकारचं खाणं

पहिल्यांदा ते पाकीट फोडलं तेव्हा मला वाटलं माल खराब होऊन आलाय. लॅबमधल्या उंदरांचं नेहमीचं खाणं म्हणजे कडक तपकिरी पेलेट, खडूच्या तुकड्यांसारखे, आणि हे निघालं निळसर, मऊ, हाताला तुपकट, बोटांत जरा दाबलं की बेसनाच्या लाडवासारखा भुगा. वास चरबीचा. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमधले काका गेली २२ वर्षं तिथे उंदीर सांभाळतायत, त्यांनी एक पेलेट उचलून वास घेतला आणि म्हणाले, मॅडम, हे खाऊन जनावर आजारी पडेल हो. मी म्हटलं, काका, तेच तर बघायचंय.

माझ्या पीएचडीचा विषय असा होता की कॅन्सर करणारं रसायन सगळ्या उंदरांना सारखंच दिलं आणि पुढे खाणं फक्त वेगळं ठेवलं तर लिव्हरमध्ये काय फरक पडतो. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, दोन वर्षांत संपेल म्हणून. साडेचार लागली, आणि त्यातलं जवळपास एक वर्ष फक्त "खाणं म्हणजे नक्की काय" हे कळण्यात गेलं. घरचे, ओळखीचे, सगळे विचारतात की मग काय खाल्ल्याने कॅन्सर होतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सुरुवात इथून नाही झाली खरं तर. मी लॅब जॉइन केली त्या आठवड्यात मॅडमनी (माझ्या गाईड) मला हैदराबादचे दोन जुने पेपर वाचायला दिले, १९६५ आणि १९६८ सालचे, माधवन आणि गोपालन यांचे. गोपालन म्हणजे तेच डॉ. सी. गोपालन, आपल्या भारतीय अन्नपदार्थांचे पोषणाचे तक्ते ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते. तेव्हा त्या संस्थेला न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज म्हणायचे, १९६९ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन नाव झालं. त्यांनी काय केलं, तर रॅटना (उंदरांचेच मोठे भाऊबंद) अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष दिलं, एका गटाच्या खाण्यात केसीन ५ टक्के आणि दुसऱ्याच्या २० टक्के. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन. अपेक्षा कुणाचीही हीच असेल की ज्यांना प्रोटीन चांगलं मिळतंय ते जास्त तगतील. आणि सुरुवातीला तसंच दिसलं, कमी प्रोटीनवाल्यांच्या लिव्हरला विषाचा तडाखा जास्त बसला, त्यातले बरेच लवकर मेले. पण जास्त दिवस चालवलेल्या प्रयोगात लिव्हरच्या गाठी झाल्या त्या २० टक्केवाल्यांना. कमी प्रोटीनवर जे जगले त्यांना नाही.

मी ते दोनदा वाचलं. मॅडमनी विचारलं, काय कळलं? मी म्हटलं, जास्त प्रोटीनने कॅन्सर होतो. त्या म्हणाल्या, हे लिहून ठेव, तारीख घालून, वर्षभराने आपण परत बघू.

अफ्लाटॉक्सिन हा शब्द मला तेव्हा नवीन होता पण वस्तू नवीन नव्हती. आमच्याकडे शेंगा असतात (सातारा जिल्हा, गावाचं नाव राहू दे), आणि आजी दाणे निवडायला बसली की सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीची हिरवट-पिवळी पूड धरलेले दाणे बाजूला काढायची आणि ते कोंबड्यांनासुद्धा टाकू द्यायची नाही, म्हणायची तोंडाला कडू लागतोय त्यो पोटाला बी कडूच. ती बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, अफ्लाटॉक्सिनमधलं "अ" आणि "फ्ला" तिथूनच आलंय. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या पटापट मेल्या आणि शोध घेताना धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत, तेव्हा हे विष जगाला कळलं. आणि आपल्या बाजूलाच, १९७४ च्या शेवटी गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागात आदिवासी गावांमध्ये पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले, १०६ गेले. घरातली कुत्रीसुद्धा मेली, कारण तीही तेच खात होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ज्या घरात निवडून टाकायलाही दुसरे दाणे नसतात तिथे आजीचा नियम काय कामाचा.

तर असं वाचत वाचत माझा स्वतःचा विषय ठरला तो प्रोटीनचा नाही तर चरबीचा, कारण आता शहरात काय गावात काय सोनोग्राफी केली की "फॅटी लिव्हर ग्रेड वन" लिहून येतंच. अफ्लाटॉक्सिनऐवजी आम्ही डीईएन वापरायचं ठरवलं, डायएथिलनायट्रोसअमीन. उंदराच्या पिलाला १४ व्या दिवशी एकच इंजेक्शन, किलोला २५ मिलिग्रॅम या हिशेबाने, बस. पुढे ८-९ महिन्यांत नरांमध्ये लिव्हरला गाठी येतात. १४ वाच दिवस का, तर त्या वयात लिव्हरच्या पेशी भराभर वाढत असतात, डीएनएला झालेलं नुकसान दुरुस्त व्हायच्या आत पेशीचे दोन भाग होतात आणि ती चूक कायमची छापली जाते. आणि नरच का, तर माद्यांमधलं इस्ट्रोजेन लिव्हरमधली जळजळ दाबून ठेवतं, इंटरल्युकिन-६ नावाचं जे प्रोटीन आहे ते कमी तयार होतं, त्यामुळे त्यांना गाठी खूप कमी होतात. हे इस्ट्रोजेन लक्षात ठेवा, पुढे यावरूनच मी अडकले.

पहिला प्रयोग मी असा लावला: २४ उंदीर, सगळ्यांना डीईएन, अर्ध्यांना ते निळं चरबीचं खाणं आणि अर्ध्यांना, म्हणजे तुलनेसाठीच्या कंट्रोल गटाला, अ‍ॅनिमल हाऊसचे नेहमीचे तपकिरी पेलेट. झालं. चरबीवाले गुबगुबीत झाले, बाकीचे बारीक राहिले, मी दर आठवड्याला वजनं टिपत होते, आलेख छान वर चालला होता, मी खूष. सहा महिने झाल्यावर कमिटीपुढे प्रेझेंटेशन होतं. तिथे बाहेरून आलेल्या एका सरांनी फक्त एक प्रश्न विचारला, तुमच्या कंट्रोलच्या खाण्यात सोया किती टक्के आहे?

मला माहीत नव्हतं. पोत्यावर काय लिहिलंय तेवढंच माहीत होतं, क्रूड प्रोटीन इतकं, क्रूड फायबर इतकं.

मग ते समजावत गेले आणि मला बसल्या जागी घाम फुटला. नेहमीचे पेलेट म्हणजे गहू, मका, सोयापेंड, कधी मासळीची पूड, बाजारात जे मिळेल त्यावर प्रत्येक बॅचचं प्रमाण थोडं इकडेतिकडे. सोयात इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं असतात, आणि मी अशा कॅन्सरवर काम करत होते ज्यात इस्ट्रोजेनने फरक पडतो. त्यात दहा प्रकारचे धागे म्हणजे फायबर, ते आतड्यातल्या बॅक्टेरियांना खायला मिळतं. मका असेल तर अफ्लाटॉक्सिनचा अंशही असू शकतो. आणि माझं निळं खाणं? त्यात शुद्ध केसीन, डुकराची चरबी, थोडं सोयाबीन तेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, सेल्युलोज, मोजून घातलेली व्हिटॅमिन्स. म्हणजे माझे दोन गट चरबीत वेगळे नव्हते, सगळ्यातच वेगळे होते. प्रोटीन वेगळं, फायबर वेगळं, साखर वेगळी, सगळंच. गाठींमध्ये फरक दिसला असता तरी तो कशामुळे हे मला या जन्मात सांगता आलं नसतं.

होस्टेलवर येऊन मी खूप रडले. सहा महिने, २४ जीव. वेळेचं एक वेळ चालतं पण त्या उंदरांचं काय, ते तर परत येत नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या चूक माझीही आहे, प्लॅनवर माझी सही आहे, आणि मग त्यांनी मला १९४६ ची गोष्ट सांगितली जी मी नंतर सगळ्यांना सांगत सुटले. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्नला कोपलँड आणि सॅल्मन यांनी रॅटना कोलीन कमी असलेलं खाणं दिलं आणि त्यांना लिव्हरला गाठी झाल्या, कुठलंही विष न देता, नुसतं एक पोषकद्रव्य काढून घेतल्यामुळे. केवढी मोठी गोष्ट. पण त्या खाण्यात प्रोटीन कशाचं होतं, तर शेंगदाण्याच्या पेंडीचं. आणि १९६० नंतर अफ्लाटॉक्सिन कळल्यावर सगळ्यांना शंका आली की गाठी कोलीनच्या कमतरतेने झाल्या का पेंडीतल्या बुरशीने. हा गुंता सुटायला १९८० चं दशक उजाडलं, तेव्हा शेंगदाणा नसलेलं शुद्ध घटकांचं खाणं बनवून प्रयोग परत केले गेले आणि दिसलं की नाही, कोलीन नसणं हेच पुरेसं आहे. म्हणजे मूळ म्हणणं खरंच होतं, पण ते सिद्ध व्हायला जवळपास ४० वर्षं जास्त लागली कारण पेंडीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग परत सुरुवात. या वेळी कंट्रोलचं खाणंही त्याच पद्धतीचं, शुद्ध घटकांचं. एकात १०० पैकी १० कॅलरी चरबीतून, दुसऱ्यात ६०. दोन्हीत प्रोटीनमधून २०, साखर सारखी, सेल्युलोज सारखं. पण इथेही सुटका नसते हे मला वही-पेन घेऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं. चरबी ग्रॅमला ९ कॅलरी देते, प्रोटीन आणि पिष्ट ४. चरबी वाढवली की काहीतरी कमी करावंच लागतं, आम्ही पिष्ट कमी केलं, मग फरक चरबी वाढल्याने का पिष्ट घटल्याने? आणि निळं खाणं ग्रॅमला ५.२४ कॅलरीचं, कंट्रोलचं ३.८५ चं, म्हणजे उंदराने वजनाने तेवढंच खाल्लं तरी कॅलरी जास्तच जाणार. व्हिटॅमिन्स ग्रॅमच्या हिशेबाने घातली असती तर कमी ग्रॅम खाणाऱ्याला कमी मिळाली असती, म्हणून तीही कॅलरीच्या हिशेबाने. कुठल्याही पेपरात "हाय फॅट डाएट दिलं" एवढंच लिहिलेलं दिसलं की मी आता आधी शेवटी जाऊन तक्ता शोधते, आणि तक्ता नसेल तर तो पेपर बाजूला ठेवते.

गट चार झाले. डीईएन आणि कंट्रोल खाणं, डीईएन आणि चरबीचं खाणं, नुसतं सलाईन आणि कंट्रोल, नुसतं सलाईन आणि चरबी. प्रत्येकी १४, एकूण ५६ नर. एथिक्स कमिटीला प्रत्येक आकड्याचं कारण द्यावं लागतं, १४ का, १० का नाहीत, २० का नाहीत, आणि मला ते बरोबरच वाटतं. आधीच्या २४ चा हिशेबही द्यावा लागला. ते लिहिताना हात जड झाला होता.

५६ नर मिळवायला १८-१९ माद्यांची बाळंतपणं बघावी लागली, तीही पुढेमागे झालेली, त्यामुळे प्रत्येक पाळण्याचा १४ वा दिवस वेगळा, माझ्या कॅलेंडरवर नुसत्या गोल खुणा. त्या वयाचं पिल्लू ६-७ ग्रॅमचं असतं, डोळे नुकतेच उघडत असतात. ७ ग्रॅमच्या पिलाला ०.१७५ मिलिग्रॅम डीईएन, ते सलाईनमध्ये पातळ करून पोटात, बारीक सुईने. डबल ग्लोव्ह्ज, हूडच्या आत, कारण ते आपल्यालाही तितकंच वाईट आहे आणि उडून जाणारं आहे. पुढचे काही दिवस त्यांचा भुसासुद्धा वेगळ्या पिशवीत, धोकादायक कचरा म्हणून. पहिल्या दिवशी काकांनी पिल्लू कसं धरायचं ते दाखवलं, मानेची कातडी दोन बोटांत, शेपटी करंगळीत, आणि म्हणाले हात थरथरला तर थांबा, पिल्लाला कळतं. मी थांबले. पाच मिनिटं बाहेर जाऊन आले आणि मग केलं.

सोपं जावं म्हणून मी ठरवलं होतं की एका आईची सगळी पिल्लं एकाच खाण्यावर ठेवायची. मॅडमनी ते खोडलं. एका आईची पिल्लं सारखी असतात, तिचं दूध, तिचा पिंजरा, तिच्या आतड्यातले बॅक्टेरिया, सगळं सारखं, मग गाठींचा फरक खाण्याचा का आईचा? म्हणून भावंडं वाटली, अर्धी या खाण्यावर अर्धी त्या.

सहाव्या आठवड्यापासून खाणं बदललं आणि त्यानंतरचे ३० आठवडे म्हणजे निव्वळ नोकरी. दर सोमवारी वजन. दर गुरुवारी खाणं मोजायचं, किती ठेवलं, किती उरलं. हे लिहायला एक ओळ आहे पण करायला... ते मऊ खाणं उंदीर खातात कमी आणि कुरतडून खाली पाडतात जास्त, त्यामुळे भुश्यात हात घालून निळे कण वेचायचे, चाळायचे, त्यांचं वजन करायचं. नाहीतर पेपरात "चरबीवाल्यांनी जास्त खाल्लं" असं छापून येईल आणि खरं तर ते पिंजऱ्यात सांडलेलं असेल. (खाण्याला रंगही यासाठीच असतो, दोन प्रकार चुकून एकमेकांत जाऊ नयेत म्हणून.) दिवाळीत घरी गेले नाही, पाडव्याला मी आणि काका दोघंच होतो, त्यांनी घरून डब्यात चिवडा आणला होता, बाहेरच्या पायरीवर बसून खाल्ला आणि परत गाऊन चढवून आत.

काकांची नजर माझ्या तराजूपेक्षा तेज होती. १० व्या आठवड्यातच ते म्हणाले, तुमच्या या बाजूच्यांचा केस तेलकट झालाय बघा. आणि खरंच, चरबीवाल्यांची काळी कातडी चिकट, भुसा लागलेली दिसायला लागली. नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात, पाठीला चावे घेतात, तेही सगळ्यात आधी त्यांनाच दिसायचं. जखमी झालेला वेगळा काढावा लागतो आणि एकटा ठेवलेला उंदीर वेगळं खातो, वेगळा वाढतो, म्हणजे परत तीच भानगड. दोन गेले असेच, मारामारीत.

मे महिन्यात एका रात्री कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बंद पडला. सकाळी जाऊन बघते तर चरबीचं खाणं घाम आल्यासारखं झालेलं. खवट चरबी स्वतःच लिव्हरला त्रास देते, त्यामुळे ते देणं शक्यच नव्हतं, सगळं टाकलं, जवळच्या दुसऱ्या एका लॅबकडून त्याच फॉर्म्युल्याचं चार किलो उसनं आणलं आणि नवीन मागवलं ते कस्टम्समधून सुटेपर्यंत जीव टांगणीला.

३६ व्या आठवड्यात शेवट. त्याबद्दल फार लिहिणार नाही. एका दिवशी आठ याप्रमाणे सात दिवसांचं वेळापत्रक, हातमोज्यांच्या आत घाम, आणि मी प्रत्येक वेळी पिंजऱ्याचं कार्ड आधी उलटं करून ठेवायचे, कारण गाठी मोजताना हा कुठल्या गटातला ते मला कळायला नको. पण खरं सांगायचं तर पोट उघडलं की कळायचंच. साधी लिव्हर गडद मरून असते, कडा धारदार. चरबीवाल्यांची फिकट, पिवळसर, कडा गोल, हातात घेतली की लोण्यासारखी. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली की चांगली लिव्हर तळाला जाते, या तरंगायच्या. वाचलं होतं मी हे, पण टेबलावर बाटल्यांची रांग आणि त्यातल्या काहींमध्ये लिव्हरचे तुकडे वर तरंगतायत हे दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून मग खरी मोजणी स्लाइडवर, नंबर झाकून, आणि एका दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वेगळी.

निकाल. नुसतं सलाईन आणि कंट्रोल खाणं: काही नाही. नुसतं सलाईन आणि चरबी: लिव्हर चरबीने भरलेली, पण गाठ एकही नाही, निदान त्या ३६ आठवड्यांत तरी. डीईएन आणि कंट्रोल खाणं: गाठी आहेत, बहुतेकांना, बारीक. डीईएन आणि चरबी: जास्त आणि मोठ्या, काही तर पूर्ण खंडच व्यापून बसलेल्या. म्हणजे ठिणगी टाकली डीईएनने आणि खाण्याने ती विझू दिली नाही, वारा घातला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या मायकेल कॅरिन यांच्या लॅबने हेच दाखवलं होतं, आणि त्यांनी पुढे जाऊन हेही दाखवलं की उंदीर चरबी खाऊन लठ्ठ झाला काय किंवा जनुकातल्या दोषाने लठ्ठ झाला काय, गाठी वाढतातच, आणि इंटरल्युकिन-६ किंवा टीएनएफ या जळजळीच्या रसायनांचा रस्ता बंद केला तर तो परिणाम बराच कमी होतो. मग दोष चरबी खाण्याचा का अंगावर चढलेल्या वजनाचा? माझ्या चरबीवाल्या गटात बाकीचे ४५-५० ग्रॅमला गेले तरी दोघं असे होते की तेच खाऊन ३८ च्या पुढे सरकलेच नाहीत, आणि त्यांच्या गाठी गटात सगळ्यात कमी. मी नाचतच मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या दोनच आहेत, थीसिसमध्ये चर्चेत एक वाक्य लिही, निकालात नको. तसंच केलं.

याच काळात मामांचा फोन आला. मामा इस्लामपूरच्या बाजूला असतात, पाच म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला. त्यांना फॅटी लिव्हर निघालं होतं आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं की दुधाने लिव्हरचा कॅन्सर होतो, भारतातच सिद्ध झालंय.

"काय गं, खरं हाय का? डाक्टरनं तर दुधाचं काय सांगितलं न्हाई. म्या आठ दिस झालं बंद केलंय."

मी विचारलं मामा, काय लिहिलंय वाचून दाखवा, आणि ते वाचत गेले तसं माझ्या लक्षात आलं की हे आपलंच हैदराबाद, १९६८. मी उठून ड्रॉवर उघडला, पहिल्या आठवड्यातली ती चिठ्ठी काढली, तारखेसकट, "जास्त प्रोटीनने कॅन्सर होतो".

मग मी त्यांना अर्धा तास समजावलं. म्हटलं मामा, त्या रॅटना आधी बुरशीचं विष दिलं होतं, आपण बाजारातून आणतो त्या दाण्यात असेल-नसेल त्याच्या कितीतरी पट. विष नसतं तर तो प्रयोगच नव्हता. आणि ज्यांना प्रोटीन कमी दिलं ते काही मजेत नव्हते, वाढ खुंटलेली, विषाने आधीच मरत होते. अमेरिकेत कॉलिन कॅम्पबेल यांनी पुढे कित्येक वर्षं यावर काम केलं, त्यांना दिसलं की प्रोटीन कमी असलं की लिव्हरमधलं जे एन्झाइम या विषाला जहाल करतं तेच मंद पडतं, आणि नंतरही गाठीची सुरुवात पुढे सरकत नाही. हे खरंय, खोटं नाही. पण त्यांच्याच प्रयोगात केसीनऐवजी गव्हाचं प्रोटीन तेवढंच दिलं तर गाठींची सुरुवात कमी, आणि त्या गव्हाच्या प्रोटीनमध्ये कमी असलेलं लायसिन (प्रोटीनचाच एक घटक) वरून घातलं की परत केसीनसारखंच. म्हणजे मुद्दा दुधाचा नव्हता, वाढीला पुरेल असं पूर्ण प्रोटीन मिळतंय का याचा होता. वाढणाऱ्या जनावराला जे वाढवतं ते गाठीलाही वाढवतं. आणि १९८९ मध्ये दिल्लीच्या माथुर आणि नायक यांनी माकडांना थोडं थोडं अफ्लाटॉक्सिन बराच काळ दिलं तर कमी प्रोटीनवाल्या माकडांच्याच लिव्हरमध्ये कॅन्सरच्या आधीचे बदल दिसले, बरोबर उलटं.

मामा गप्प. मग म्हणाले, "म्हंजे खावं का नको ते सांग की."

मी म्हटलं मी डॉक्टर नाही हो मामा, मी उंदरांची डॉक्टर होणारे. पण दूध बंद करून तुम्ही त्याऐवजी काय खाताय? ते म्हणाले चहाबरोबर खारी, आणि सकाळी शिरा, दूध न्हाई म्हणून जरा पोटभर. मला तिथेच माझा हिशेबाचा कागद आठवला, एक घटक काढला की त्याची जागा दुसरा घेतोच. म्हटलं तेच तर, दूध काढून तुम्ही साखर, मैदा आणि डालडा घातलात. वजन किती? ९१. दारू? कधीमधी, लग्नाकार्यात. मग मी त्यांना म्हटलं, डॉक्टरांना विचारून हिपॅटायटिस बी आणि सी ची रक्त तपासणी करून घ्या, माणसात लिव्हरच्या कॅन्सरची मोठी कारणं ती आहेत, शिवाय दारू आणि लिव्हर कडक होणं, आणि अफ्लाटॉक्सिन हिपॅटायटिस बी असलेल्याला जास्तच घातक. आणि घरच्या शेंगा पावसात भिजल्या असतील तर आजीसारख्या निवडा, कुबट पोत्यातली पेंड म्हशींनाही घालू नका, म्हशीने अफ्लाटॉक्सिन खाल्लं की त्याचा एक भाग दुधात उतरतो. हे शेवटचं त्यांना सगळ्यात पटलं. लगेच म्हणाले पत्र्याच्या शेडमधलं सरकीपेंडीचं एक पोतं वलं झालंय, आजच काढतो.

थीसिस मागच्या महिन्यात सबमिट केला. थोडं पुढचं सांगायचं तर २०१८ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोला एक काम झालं, त्यात इन्युलिन म्हणजे आपण तब्येतीला चांगलं म्हणून विकत घेतो ते विरघळणारं फायबर, तेच शुद्ध खाण्यात मिसळल्यावर काही उंदरांना, ज्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया आधीच बिघडलेले होते, कावीळ होऊन लिव्हरचा कॅन्सर झाला, आणि इन्युलिनच्या जागी सेल्युलोज घातलं तर झाला नाही. मी माझ्या दोन्ही खाण्यांत सेल्युलोज वापरलं होतं. ते काढून दुसरं घातलं असतं तर माझ्या चार गटांचं काय झालं असतं हा प्रश्न मला सोडत नाही, आणि मॅडमनी पुढच्या प्रोजेक्टच्या अर्जात तो घातलाय. नवीन मुलगी आलीय लॅबमध्ये, कोल्हापूरची. तिला मी हैदराबादचे दोन्ही पेपर वाचायला दिलेत आणि एक कोरा कागद.

मामांचा रिपोर्ट आला, बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. वजन ८६ वर आलंय. दूध परत सुरू केलंय, एक कप, साय काढून.